युनिट स्टेपची शक्ती १ की १/२? आणि सेन्सरच्या आकड्यांची ऊर्जा ऋण कशी येते?

तापीकाठ (यावल)

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. डिस्क्रीट-टाइम सिग्नलची, म्हणजे सुट्या सुट्या क्षणांना घेतलेल्या आकड्यांच्या (सॅम्पलच्या) मालिकेची, ऊर्जा आणि शक्ती काढताना मी दोन ठिकाणी अडले आहे. एक अडचण वहीतली आहे आणि दुसरी शेतातली. दोन्ही एकाच विषयातल्या असल्यामुळे एकत्र विचारते.

सोयीसाठी सिग्नलला क्ष[न] म्हणते. न हा सॅम्पलचा क्रमांक. ऊर्जा म्हणजे उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंतच्या सर्व सॅम्पलच्या परिमाणांच्या वर्गांची बेरीज. शक्ती काढताना उणे म ते अधिक म एवढ्याच सॅम्पलच्या वर्गांची बेरीज घ्यायची, तिला २म + १ ने भागायचे आणि म अनंताकडे नेल्यावर जी सीमा मिळेल ती शक्ती. एवढे मला समजले आहे.

आता वहीतली अडचण. युनिट स्टेप हा सिग्नल न शून्य किंवा त्याहून मोठा असताना १ असतो आणि त्याआधी ० असतो. त्याची शक्ती पुस्तकात १/२ दिली आहे, मला मात्र १ मिळते. सिग्नल सुरू झाल्यापासून प्रत्येक सॅम्पल १ च आहे, मग सरासरी १ का नाही? जिथे सिग्नलच नाही ती डावी बाजू भागाकारात का मोजायची? वर्गात विचारले तेव्हा सूत्र तसेच आहे, पाठ करा, एवढेच उत्तर मिळाले. दुसरे उदाहरण ०.८ च्या न-व्या घाताचे आहे, तेही न शून्यापासून पुढे. मी सर्व सॅम्पलची बेरीज १/(१ − ०.८) म्हणजे ५ काढली आणि तिचा वर्ग करून ऊर्जा २५ लिहिली, पुस्तकात २५/९ आहे.

शेतातली अडचण अशी. आमच्या केळीच्या बागेला विहिरीवरच्या तीन फेजच्या मोटारीने पाणी दिले जाते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की मोटार कोरडी फिरते आणि रात्रीची लाइन असेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. गेल्या मे महिन्यात आमची एक मोटार अशीच जळाली. म्हणून यंदाच्या प्रकल्पासाठी मी एका फेजच्या वायरवर करंटचा क्लॅम्प सेन्सर लावला आहे. आर्डुइनो ऊनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डने सेकंदाला १००० सॅम्पल घेते आणि २०० सॅम्पलच्या प्रत्येक तुकड्याची ऊर्जा काढते, कारण पाणी तुटले की करंट कमी होतो आणि त्यावरून स्टार्टर बंद करता येईल अशी कल्पना आहे. मोटार बंद असताना सेन्सर ५१२ च्या आसपासचे आकडे देतो. काल रात्री तपासण्यासाठी पाचच सॅम्पल घेतले: ५१२, ५११, ५१२, ५१३, ५१०. त्यांच्या वर्गांची बेरीज स्क्रीनवर उणे २०४२ अशी आली. वर्गांची बेरीज ऋण येणे शक्यच नाही, तरीही ती येते आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ (धुळे)

मी हा विषय बरीच वर्षे शिकवला आहे आणि युनिट स्टेपचा हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्षी एखाद्या विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने विचारलेला आहे. त्यामुळे सूत्र पाठ करा हे उत्तर मला पटत नाही. मोटारीचा भाग मी त्या कामातील जाणकारांसाठी सोडतो आणि वहीतल्या भागाविषयी लिहितो.

प्रथम युनिट स्टेप पाहू. उणे १० ते अधिक १० या खिडकीत २१ सॅम्पल आहेत आणि त्यांपैकी ११ एक आहेत, म्हणून सरासरी ११/२१, म्हणजे सुमारे ०.५२४. खिडकी उणे १०० ते अधिक १०० केली की १०१/२०१, म्हणजे सुमारे ०.५०२, हजारापर्यंत नेली की १००१/२००१, म्हणजे सुमारे ०.५००२. सीमा १/२ आहे. हे गणित तुम्हाला येतच असणार. तुमचा खरा प्रश्न डावी बाजू मोजावी का, हा आहे.

त्यासाठी आणखी एक सिग्नल घ्या: न ऋण असताना १ आणि न शून्य किंवा त्याहून मोठा असताना ०. हा युनिट स्टेपचा डावीकडचा जोडीदार आहे. दोघांची बेरीज केली की प्रत्येक ठिकाणी १ असलेला स्थिर सिग्नल मिळतो आणि त्याची शक्ती १ आहे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. हे दोन सिग्नल कोणत्याही जागी एकाच वेळी शून्येतर नसतात, म्हणून बेरजेच्या सिग्नलचे वर्ग म्हणजे दोघांच्या वर्गांची बेरीज आणि शक्तींचीही बेरीज व्हायला हवी. आता तुमच्या पद्धतीने, जिथे सिग्नल आहे तेवढीच बाजू मोजून, प्रत्येकाची शक्ती १ धरली तर बेरीज २ येते, पण पूर्ण सिग्नलची शक्ती तर १ आहे. १/२ आणि १/२ धरले तरच हिशेब जुळतो. दोन सिग्नलची शक्ती एकमेकींत मिळवता यावी किंवा त्यांची तुलना करता यावी, असे वाटत असेल तर दोघांना एकाच मापाने भागणे भाग आहे. शेजारच्या दोन शेतांचे उत्पन्न एकरी सांगायचे असेल तर एकाचा पेरा झालेला भाग आणि दुसऱ्याचे सगळे क्षेत्र घेऊन चालत नाही, तसेच हे आहे. सिग्नल पाच सॅम्पलनी उशिरा सुरू झाला तरी शक्ती १/२ च राहते, हेही स्वतः करून पाहावे.

आता ०.८ च्या घाताबद्दल. तुमची चूक क्रमाची आहे. आधी प्रत्येक सॅम्पलचा वर्ग आणि नंतर बेरीज. बेरजेचा वर्ग नव्हे. ०.८ चा वर्ग ०.६४, म्हणून वर्गांची श्रेणी १, ०.६४, ०.४०९६ अशी चालते आणि तिची बेरीज १/(१ − ०.६४), म्हणजे १/०.३६, म्हणजेच २५/९, सुमारे २.७८. याच उदाहरणाची पुढची पायरी परीक्षेत येते: घातांकात न ऐवजी न चे निरपेक्ष मूल्य घेतले म्हणजे सिग्नल दोन्ही बाजूंना सारखाच उतरतो. तिथे विद्यार्थी २५/९ ची दुप्पट करून ५०/९ लिहितात. न शून्य असतानाचा सॅम्पल त्यात दोनदा धरला जातो. तो एकदा वजा केला पाहिजे, म्हणून उत्तर ४१/९ आहे. आणि निरपेक्ष मूल्यही नाही, युनिट स्टेपही नाही, असा ०.८ चा न-वा घात सगळ्या अक्षावर घेतला, तर डावीकडे जाताना तो वाढतच जातो आणि ऊर्जा, शक्ती दोन्ही अनंत होतात. लिहिताना युनिट स्टेप गाळली की उत्तर एवढे बदलते, म्हणून प्रश्नातील सिग्नल कुठून कुठपर्यंत आहे हे उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

मला या विषयात एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ऊर्जा आणि शक्ती ही दोन वेगळी सूत्रे आहेत असे समजून दोन्ही यांत्रिकपणे वापरू नयेत. वर्गांची बेरीज वाढत वाढत कुठे थांबते का, हा एकच प्रश्न आहे. ती एका सांत संख्येवर थांबली तर तो एनर्जी सिग्नल, आणि सांत बेरजेला वाढत्या २म + १ ने भागल्यावर शून्यच उरणार, म्हणून त्याची शक्ती शून्य. ती थांबली नाही, पण साधारण म च्या पटीतच वाढत राहिली, तर सरासरी एका शून्येतर संख्येवर स्थिरावते आणि तो पॉवर सिग्नल होतो. त्याहून वेगाने वाढली तर तो दोन्हींपैकी काहीच नाही. रॅम्प हे त्याचे उदाहरण आहे, म्हणजे न शून्यापासून पुढे क्ष[न] = न. पहिल्या म संख्यांच्या वर्गांची बेरीज म(म + १)(२म + १)/६ आहे, आणि तिला २म + १ ने भागले की तो कंस पूर्णपणे कटतो व म(म + १)/६ उरते, जे म बरोबर अमर्याद वाढते. हा कंस असा नेमका कटताना पाहून मला आजही आनंद होतो.

याहून विचार करायला लावणारे उदाहरण १ भागिले वर्गमूळ न हे आहे, न एकपासून पुढे. त्याच्या वर्गांची श्रेणी १ + १/२ + १/३ + १/४ अशी आहे. १/३ आणि १/४ मिळून १/२ पेक्षा जास्त, पुढच्या चार पदांची बेरीजही १/२ पेक्षा जास्त, त्यापुढच्या आठांचीही तशीच. म्हणून बेरीज कधीच थांबत नाही आणि ऊर्जा अनंत आहे. पण ती इतकी सावकाश वाढते की पहिल्या हजार पदांची बेरीज सुमारे ७.४९ भरते, आणि २००१ ने भागल्यावर सरासरी ०.००३७ च्या आसपास येते. पुढे ती शून्याकडेच जाते. ऊर्जा अनंत आणि शक्ती शून्य, म्हणून हा सिग्नल कोणत्याच वर्गात बसत नाही. वर्गमूळ काढून टाकले आणि नुसता १/न घेतला, तर वर्गांची बेरीज पायचा वर्ग भागिले ६, म्हणजे सुमारे १.६४५ येते. ही बेरीज ऑयलरने १७३४ मध्ये काढली. वरवर पाहता दोन्ही सिग्नल सारखेच उतरत जाताना दिसतात, आणि एक एनर्जी सिग्नल आहे, दुसरा नाही. आलेख पाहून वर्गीकरण करण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याने हे उदाहरण एकदा स्वतः सोडवावे.

शेवटी, व्याख्येत परिमाणाचा वर्ग असे शब्द आहेत, त्यांतील परिमाण हा शब्द गाळू नये. १, जे, −१, −जे असा चार सॅम्पलनंतर पुन्हा येणारा संमिश्र सिग्नल घ्या (जे म्हणजे −१ चे वर्गमूळ). नुसते वर्ग केले तर १, −१, १, −१ मिळतात आणि बेरीज शून्य होते, जणू सिग्नलच नाही. परिमाणे सगळी १ आहेत, म्हणून एका आवर्तनाची बेरीज ४ आणि शक्ती ४/४ म्हणजे १. आवर्ती सिग्नलसाठी सीमा घेण्याची गरज नसते. एका आवर्तनाची सरासरी पुरते.

वाइंडिंगवाला (भुसावळ)

ताई, माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे आणि गेली काही वर्षे मी आर्डुइनोवर करंट मोजण्याचे कामही करतो. पांझराकाठ सरांनी सिद्धान्त सांगितला आहे. मी तुमच्या उणे २०४२ बद्दल सांगतो, कारण हा आकडा पाहताच चूक कुठे आहे ते समजले.

ऊनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि त्यात ३२७६७ पर्यंतचीच संख्या मावते. १८१ चा वर्ग ३२७६१ मावतो, १८२ चा वर्ग ३३१२४ मावत नाही. तुमचे आकडे तर ५१२ च्या आसपासचे आहेत. ५१२ चा वर्ग २६२१४४, आणि ही संख्या ६५५३६ च्या नेमकी चौपट आहे, म्हणून १६ बिटांत तिचे काहीच उरत नाही आणि शून्य दिसते. ५११ चा वर्ग उणे १०२३ दिसतो, ५१३ चा अधिक १०२५ आणि ५१० चा उणे २०४४. तुमच्या पाच सॅम्पलसाठी ही बेरीज करून पाहा: ०, −१०२३, ०, +१०२५, −२०४४, एकूण उणे २०४२. तुमचा सेन्सर बरोबर आहे आणि व्याख्याही बरोबर आहे. खरी बेरीज १३,०८,६७८ आहे, ती त्या पेटीत मावली नाही. म्हणून ३२ बिटांचा लाँग प्रकार वापरा. मात्र उत्तर लाँगमध्ये साठवणे पुरेसे नाही, गुणाकार करण्याआधीच सॅम्पलचे रूपांतर लाँगमध्ये करा; नाहीतर गुणाकार १६ बिटांतच होतो आणि बिघडलेले उत्तर मोठ्या पेटीत जाऊन बसते. ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती शोधण्यात माझे दोन दिवस गेले.

आता यापेक्षा महत्त्वाची गोष्ट. १३,०८,६७८ भागिले ५ म्हणजे २,६१,७३५.६ ही मोटार बंद असतानाची शक्ती झाली. बंद मोटारीची एवढी शक्ती कशी? ऊनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, ऋण व्होल्टेज वाचू शकत नाही, म्हणून सेन्सरच्या सर्किटमध्ये सिग्नल अडीच व्होल्टवर उचललेला असतो, आणि ० ते १०२३ या पट्टीवर अडीच व्होल्ट म्हणजेच ५१२. तुम्ही त्या उचललेल्या पातळीचीच शक्ती मोजत आहात. समजा मोटार चालू झाल्यावर करंटची लाट ५१२ च्या वर-खाली १०० अंकांनी हलते. साइन लाटेची शक्ती शिखराच्या वर्गाच्या निम्मी, म्हणजे ५०००. तुमच्या पद्धतीने एकूण २,६२,१४४ अधिक ५००० होतील. म्हणजे मोटार चालू आहे की बंद, हा फरक दोन टक्क्यांहूनही कमी दिसेल आणि त्यावर स्टार्टर तोडण्याचा निर्णय घेता येणार नाही. म्हणून त्याच २०० सॅम्पलची सरासरी काढा, ती प्रत्येक सॅम्पलमधून वजा करा आणि मग वर्ग करा. ५१२ हा आकडा पक्का धरून वजा करू नका, कारण ती पातळी नेमकी ५१२ वरच असेल असे नाही. तुमच्या पाच सॅम्पलची सरासरी ५११.६ आहे, फरक ०.४, −०.६, ०.४, १.४, −१.६ आणि त्यांच्या वर्गांची सरासरी १.०४. ही बंद मोटारीची खरी शक्ती आहे, म्हणजे फक्त गोंगाट. एक आणि पाच हजार यांत गोंधळ होण्याचे कारण नाही.

२०० चा तुकडा तुम्ही बरोबर निवडला आहे, पण तो का बरोबर आहे हे समजून ठेवा, कारण तोंडी परीक्षेत हा प्रश्न येऊ शकतो. आपली लाइन ५० हर्ट्झची आहे, सेकंदाला १००० सॅम्पल म्हणजे एका आवर्तनाला २० सॅम्पल आणि २०० म्हणजे नेमकी दहा आवर्तने. त्याऐवजी २५ सॅम्पल घेतले असते तर सव्वा आवर्तन झाले असते. मग तुकडा लाटेच्या शिखरापासून सुरू झाला तर ५००० ऐवजी ५२०० येतात, शून्यापासून सुरू झाला तर ४८००. करंट तोच असताना आकडा प्रत्येक तुकड्याला बदलतो. एका आवर्तनाची सरासरी पुरते असे सरांनी लिहिले आहे, त्यात पूर्ण आवर्तन हे शब्द गृहीत आहेत.

आणखी दोन गोष्टी कामाच्या. क्लॅम्प एकाच फेजच्या वायरवर लावा. तिन्ही वायरी एकत्र घेतल्या तर तिन्ही करंटची बेरीज जवळजवळ शून्य होते आणि मोटार चालू असूनही काही दिसत नाही. आणि क्लॅम्पच्या आत समांतर रेझिस्टर नसेल तर वायरवर चढवलेला असताना त्याची टोके उघडी ठेवू नका, तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होते.

तुम्ही काढता ती ऊर्जा वीजबिलाच्या युनिटांशी जोडू नका. ती आकड्यांच्या वर्गांची बेरीज आहे, ज्यूल नव्हे. व्होल्टेजचे सॅम्पल एका ओहमच्या रेझिस्टरवरचे असते आणि बेरजेला दोन सॅम्पलमधल्या वेळेने गुणले असते, तर ज्यूल मिळाले असते. मोटार किती वॅट घेते हे पाहायचे असेल तर त्याच क्षणाचे व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार करून त्याची सरासरी घ्यावी लागते, कारण मोटारीत करंट व्होल्टेजच्या मागे राहतो. कोरडी मोटार ओळखायला मात्र तुमच्या वर्गांची सरासरी पुरेशी आहे, आणि वर्गाचा इथे फायदाच होतो: करंट ७० टक्क्यांवर आला तर शक्ती ४९ टक्क्यांवर येते, म्हणजे घट जास्त ठळक दिसते.

तापीकाठ (यावल)

सर आणि दादा, आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. डावीकडच्या जोडीदाराची युक्ती वाचताच माझी शंका फिटली. स्थिर सिग्नलची शक्ती माझ्या पद्धतीने २ येते, हे मी आधी कधी तपासलेच नव्हते. लाँगचा बदल करून आणि सरासरी वजा करून पुन्हा आकडे घेते आणि कळवते.

सराव करताना एक नवीन अडचण आली. ३ कोसाइन(पाय × न) या सिग्नलची शक्ती मी शिखराच्या वर्गाच्या निम्मी, म्हणजे ९/२ = ४.५ अशी लिहिली. तपासण्यासाठी सॅम्पल मांडले तर ३, −३, ३, −३ असे येतात, प्रत्येकाचा वर्ग ९, म्हणून सरासरी ९. दोन्हींपैकी बरोबर कोणते, आणि दादांच्या मोटारीला निम्म्याचे सूत्र चालले ते इथे का चालत नाही?

पाटणादेवी (चाळीसगाव)

९ बरोबर आहे. निम्म्याचे सूत्र कुठून येते ते पाहिले की कारण समजते. कोसाइनचा वर्ग म्हणजे १/२ अधिक दुप्पट कोनाच्या कोसाइनचा अर्धा. सामान्यतः हा दुसरा भाग वर-खाली होत राहतो आणि त्याची सरासरी शून्य होते, म्हणून १/२ उरतो. उदाहरणार्थ, कोन पाय भागिले ४ च्या पटीत घेतला की आठ सॅम्पलचे आवर्तन होते, वर्ग १, ०.५, ०, ०.५, १, ०.५, ०, ०.५ असे येतात, बेरीज ४ आणि सरासरी १/२. पण कोन पाय × न असेल तर दुप्पट कोन २ पाय × न होतो आणि त्याचा कोसाइन प्रत्येक न साठी १ च असतो. त्यात हलणारे काहीच नसते, म्हणून दुसरा अर्धाही पूर्ण मिळतो. वारंवारता शून्य असताना, म्हणजे स्थिर सिग्नललाही, हेच लागू होते. एवढ्या दोन वारंवारता सोडल्या तर सूत्र सर्वत्र चालते, अगदी कोसाइन(न) सारख्या सिग्नललाही, जो सॅम्पलच्या हिशेबाने कधीच पुन्हा तंतोतंत तसाच येत नाही. दादांच्या मोटारीत एका आवर्तनाला २० सॅम्पल आहेत, म्हणून तिथे अडचण नाही. एका आवर्तनाला दोनच सॅम्पल पडले की ही स्थिती येते, आणि तेव्हा सॅम्पल लाटेच्या कोणत्या जागी पडतात यावर शक्ती ९ पासून शून्यापर्यंत काहीही येऊ शकते.

ताई, उत्तर पडताळण्याचा आणखी एक मार्ग सांगतो, कारण तुमच्या अभ्यासक्रमात डीएफटी, म्हणजे सॅम्पलमधल्या वेगवेगळ्या वारंवारतांचे भाग काढण्याची रीत, पुढे येणारच आहे. ३, −१, २, ० या चार सॅम्पलची ऊर्जा ९ + १ + ४ + ० = १४. यांचा चार बिंदूंचा डीएफटी ४, १ + जे, ६, १ − जे असा येतो. परिमाणांचे वर्ग १६, २, ३६, २ आणि बेरीज ५६. तिला सॅम्पलच्या संख्येने, म्हणजे ४ ने भागले की पुन्हा १४ मिळतात. हा पार्सेवालचा संबंध आहे. भागायचे विसरून ५६ लिहिणारे बरेच असतात.

आणि ०.८ च्या उदाहरणाबद्दल एक भर घालावीशी वाटते. पहिल्या दहा सॅम्पलमध्येच किती ऊर्जा येते हे काढण्यासाठी ०.६४ चा दहावा घात लागतो. भास्कराचार्यांनी लीलावतीत गुणोत्तर श्रेढीसाठी जी रीत दिली आहे तीच इथे वापरा: घात सम असेल तर निम्मा करून वर्ग, विषम असेल तर एक कमी करून गुणाकार. दहाचा निम्मा पाच, पाचातून एक वजा चार, चाराचा निम्मा दोन, दोनाचा निम्मा एक. मग उलट क्रमाने ०.६४, ०.४०९६, ०.१६७८, ०.१०७४ आणि ०.०११५. म्हणजे दहा सॅम्पलनंतर फक्त सव्वा टक्क्याच्या आत ऊर्जा बाकी राहते, आणि पहिल्या दहांत २.७८ पैकी सुमारे २.७५ येऊन जाते. आमच्या तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. डिजिटल सिग्नलचे गणित सोडवताना ११५० मधल्या ग्रंथातली रीत जशीच्या तशी कामी येते, हे पाहून मला फार बरे वाटते.

तापीकाठ (यावल)

आज सकाळी बागेत जाऊन पुन्हा आकडे घेतले. गुणाकाराआधी लाँग केले, दर २०० सॅम्पलची सरासरी वजा केली आणि क्लॅम्प एकाच वायरवर आहे हे तपासले. मोटार बंद असताना तुकड्याची शक्ती १ च्या आसपास राहते. चालू असताना चाळीस तुकड्यांत ती ४९६० ते ५०४० या दरम्यान होती. मग मुद्दाम २५ सॅम्पलचे तुकडे घेऊन पाहिले, तर दादांनी लिहिल्याप्रमाणे आकडा ४८०० पासून ५२०० पर्यंत हलत राहिला, जरी अँपिअरमीटरचा काटा स्थिर होता.

कोरडी मोटार मुद्दाम फिरवून पाहण्यास वडिलांनी नकार दिला आहे आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे सध्या सलग पाच तुकडे, म्हणजे एक सेकंदभर, शक्ती ३५०० च्या खाली राहिली तर स्टार्टर तोडायचा असे ठरवले आहे. एकाच तुकड्यावर निर्णय घेतला तर लाइन क्षणभर कमी झाली तरी मोटार बंद पडेल, म्हणून पाच धरले. विहिरीची पातळी या महिनाअखेरीस फूटव्हॉल्व्हपर्यंत उतरेल. तेव्हा पाणी तुटतानाचे सलग आकडे नोंदवून इथेच देईन.

वाइंडिंगवाला (भुसावळ)

मोटार सुरू होतानाचे पहिले काही सेकंद या हिशेबातून वगळा, ताई. त्या वेळी करंट नेहमीच्या कित्येक पट असतो आणि लाट पट्टीच्या दोन्ही टोकांना कापली जाते, म्हणून तेव्हाच्या वर्गांच्या सरासरीवर विश्वास ठेवता येत नाही. स्टार्टर ओढल्यापासून दहा सेकंदांनी मोजणी सुरू करा. आणि ३५०० चा आकडा लिहून ठेवा, पण पाणी तुटतानाचे आकडे हाती आले की तो पुन्हा ठरवा.